ब्राझोसकाठची पत्रं आणि नागपूरचा फोन

माझ्या बाबांना नागपूरच्या उन्हाचा अभिमान होता. बाकीच्या नागपूरकरांना संत्र्यांचा असतो, त्यांना उन्हाचा. वीज मंडळातून निवृत्त झाल्यावर सकाळी पेपर आला की ते आधी तापमानाचा रकाना बघत, आणि चंद्रपूरने एखाद्या अंशाने नागपूरला मागे टाकलेलं दिसलं की दिवसभर कुरकुरत बसत. मी लग्न होऊन टेक्सासला, शुगर लँडला आले तेव्हा त्यांना आयताच प्रतिस्पर्धी मिळाला. दर रविवारी सकाळी मी फोन लावायची, तेव्हा तिकडे संध्याकाळ असायची. कशी आहेस, काय खाल्लंस हे सगळं नंतर. पहिला प्रश्न ठरलेला.

"किती आहे आज?"

"अठ्ठ्याण्णव."

"फॅरेनहाइटमध्ये कोणीही शंभर करेल! सेल्सियसमध्ये सांग."

"सदतीस."

"सदतीसला आमच्याकडे लोक स्वेटर शोधतात, बाप्पा."

मग मी इथल्या दमट हवेची बाजू मांडायची. घराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते, केस दिवसभर वाळत नाहीत, असलं काहीबाही सांगायची. ते म्हणत, "दमटपणा वगैरे हरलेल्या माणसाच्या गोष्टी आहेत. आकडा बोल." मागून आई ओरडायची की पोरीला काहीतरी चांगलं विचारा. तेवढ्यात दहा मिनिटं संपलेली असायची. माझा नवरा पुण्याचा, त्याला हे सगळं अतर्क्य वाटे. तो म्हणायचा, "यार, तुम्ही लोक वेदर रिपोर्टवर भांडता?" मी सांगायची की आम्ही भांडत नाही, बोलतोय.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात मला दिवस गेलेले होते. त्याआधी एकदा दिवस जाऊन सगळं फिसकटलं होतं, त्यामुळे या खेपेला डॉक्टरांनी पहिल्यापासून धाक घातला होता. विमान नाही, जिने नाही, जड उचलायचं नाही, जमेल तेवढे पाय वर करून पडून राहायचं. मी मूळची गप्प बसणाऱ्यातली नाही. पण एकदा पोळलेली होते, म्हणून सांगितलं तसं वागत होते.

आणि नेमके त्याच उन्हाळ्यात बाबा आजारी पडले. मे महिन्यात त्यांना धाप लागायला लागली, पाय सुजले. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय मोठं झालंय. बाबा आईला म्हणाले, "ऐकलंस ना? आता तरी कबूल कर." ही गोष्ट त्यांनी स्वतः मला फोनवर सांगितली, हसून हसून पुढे खोकला आला आणि आईने फोन काढून घेतला.

मला जायचं होतं. डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं, नवऱ्याने हात जोडले, आणि खुद्द बाबा माझ्यावर खेकसले. "इथे येऊन काय करणार आहेस? माझ्या बाजूला दुसरी खाट टाकून झोपणार?" मग जरा मऊ होऊन म्हणाले, "बाळ झालं की त्याला रडव आणि फोन त्याच्या तोंडाशी धर. मला आवाज ऐकू दे. तेवढं पुरे." मी हो म्हटलं. त्या उन्हाळ्यात मला दुसरं काही नको होतं. ऑक्टोबरात बाळ व्हायचं होतं. बाबांनी ऑक्टोबरपर्यंत तग धरावा आणि बाळाचं रडणं ऐकावं, एवढंच माझं मागणं होतं. देवाजवळही मी तेवढंच मागत होते.

आमच्या समोरच्या घरात एक अमेरिकन बाई एकट्या राहत. ऐंशीच्या पुढच्या, उंच, ताठ. टेक्सासमध्ये म्हाताऱ्या बाईला नावाआधी 'मिस' लावून हाक मारतात, तशी मी मारायची, पण मनातल्या मनात त्या माझ्या मावशी होत्या. त्यांची दृष्टी मधोमध गेलेली होती. कडेचं दिसायचं, समोरचं दिसायचं नाही. माझ्याशी बोलताना त्या माझ्या कानाकडे बघत. त्यांच्या घरात त्यांच्या पणजोबा-पणजीची पत्रं होती, दीडशे वर्षांपूर्वीची, एका टिनच्या पेटीत. गावच्या छोट्या संग्रहालयाला ती द्यायची होती, पण त्याआधी सगळी टाइप करून हवी होती. त्यांच्या नातींना ती वाचता येईनात, कारण जोडून लिहिलेलं इंग्रजी त्यांच्या पिढीला नीट शिकवलंच नव्हतं. मी आपली सहज म्हणाले, मला येतं. पाचवीत आम्हाला चार रेघी वहीत तेच गिरवायला लावलं होतं, बाई अक्षर वाकडं आलं की पान पुन्हा लिहायला लावत. मावशी माझ्या कानाकडे बघत म्हणाल्या, "हनी, देवानेच पाठवलं तुला." मला नोकरी करायची परवानगी नव्हती, नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बायको मी. पाय वर करून करता येईल असं हे पहिलंच काम मिळालं.

ऊन चढायच्या आत, नवरा कामाला गेला की मी रस्ता ओलांडून जायची. त्या वर्षी आमच्या गल्लीत दोन झाडांना पिवळ्या फिती बांधलेल्या होत्या, कारण त्या घरांतली मुलं इराकमध्ये लढायला गेली होती. त्या झाडांखालून जाताना मावशींच्या पेटीतलं काही फार जुनं वाटत नसे. त्यांच्याकडे पाय ठेवायला एक स्टूल, मांडीवर उशी, उशीवर नवऱ्याचा जुना लॅपटॉप. मी मोठ्याने वाचायचं, मावशींनी डोळे मिटून ऐकायचं, मग मी टाइप करायचं. पत्रं वाचणं सोपं नव्हतं. तेव्हा कागदाचा तुटवडा, त्यामुळे पान उभं लिहून भरलं की ती पणजी तेच पान आडवं फिरवून आधीच्या अक्षरांवरूनच पुढचं लिहायची. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझं डोकं गरगरलं. मग मी काळ्या कागदाला एक लांबट चीर पाडली. ती एका ओळीवर ठेवायची, तेवढीच ओळ वाचायची, मग खाली सरकवायची. उभ्या ओळी संपल्या की पान फिरवायचं आणि आडव्या सुरू करायच्या. एका पानाला कधी कधी सगळी सकाळ जाई.

पणजी ब्राझोस नदीकाठी एका लाकडी ओंडक्यांच्या घरात राहत होती. आत्ता जिथे आमच्यासारख्यांची एकसारखी घरं आणि दुकानांच्या रांगा आहेत, तिथून फार लांब नाही. नवरा लष्करात, पार पश्चिमेला एका छावणीत. पत्र पोचायला आठवडेच्या आठवडे लागत. ती चरबीच्या मेणबत्त्या करायची, राखेचा साबण करायची, रानबेरीची शाई करायची आणि त्याच शाईने हे सगळं नवऱ्याला कळवायची. हिवतापाने दर दुसऱ्या दिवशी थरथरत असायची. "आज माझा थंडीचा दिवस आहे, म्हणून अक्षर असं आलंय," असं एका पत्रात होतं, आणि अक्षर खरंच तसं होतं. मी तिची इंग्रजी वाक्यं मनात मराठीत फिरवायची, तेव्हा ती नवऱ्याला 'अहो'च म्हणायची. त्याला इलाज नव्हता.

तो छावणीतून लिहायचा की कडक उन्हात लोकरीचा गणवेश घालून कवायत करावी लागते, खारवलेल्या मांसात किडे निघतात, बाणांनी मेलेल्यापेक्षा हगवणीने मेलेल्यांचे खड्डेच जास्त खणावे लागतात. तिथल्या मूळच्या कोमांची लोकांच्या मागावर गेलो, त्यांची वस्ती जाळून आलो, हेही तो त्याच सुरात लिहायचा, खेचरांच्या तब्येतीच्या आधी किंवा नंतर. ती लिहायची की मका खुडायला शेजाऱ्याने आपला गुलाम दोन आठवडे वापरायला दिला. वापरायला दिला, हेच शब्द. तिथे मी थांबले. मावशींचा चेहरा लाल झाला. त्या म्हणाल्या, "ते गाळू नकोस. आहे तसं टाइप कर." मी केलं. आपल्याकडच्या एखाद्या घराण्याची असली पेटी उघडली तर त्यातून काय काय निघेल, हे मनात आलं आणि मी चीर पुढच्या ओळीवर सरकवली.

पण सगळ्या पत्रांत जीव होता तो त्यांच्या लहान मुलीत. तो छावणीवर गेला तेव्हा ती पाळण्यात होती. पणजी प्रत्येक पत्रात तिच्याबद्दल नवीन काहीतरी सांगायची. आज छोटीने वासराचा कान चावला. आज बटण गिळलं, मग काय, वाट पाहिली आणि मिळालं. कुत्र्याची शेपटी धरून चालते, कुत्रा बिचारा हळूहळू चालतो. बाप आठवत नसल्यामुळे दाढीवाला दिसेल त्याला ती 'पापा' म्हणते, परवा घोड्यावरून आलेल्या धर्मोपदेशकालाही म्हणाली. यावर नवऱ्याचं उत्तर आलं, त्या उपदेशकाला सांग, मी त्याला माफ केलं आहे, पण दाढी कापायला सांग. आम्ही दोघी एवढ्या हसलो की मला पोट धरावं लागलं. त्याची पत्रं प्रश्नांनी भरलेली असत. छोटी किती उंच झाली, केस कुणासारखे, माझ्या नावाला हसते का. त्या मुलीच्या वाढीचं मी जणू माझ्या पोटातल्या बाळासाठी वाचत होते.

जूनमध्ये बाबा पंधरवडाभर दवाखान्यात होते, मग घरी आले. फोनवर आवाज खोल गेलेला, पण पहिला प्रश्न तोच. "किती?" मी मुद्दाम दोन कमी करून सांगितलं. ते खूश झाले. जुलैच्या सुरुवातीला एकदा बोलले, तेव्हा मधे मधे श्वासासाठी थांबत होते. त्यानंतरच्या रविवारी आई म्हणाली, "झोपलेत गं. रात्रभर झोप नव्हती, आत्ता डोळा लागलाय." मी म्हटलं, असू दे. त्याच्या पुढच्या रविवारी म्हणाली, घशाला काहीतरी झालंय, डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय. पुढच्या वेळी पुन्हा झोपलेले. माझा भाऊ तिथेच होता. तो म्हणाला, "ताई, टेन्शन घेऊ नको, ट्रीटमेंट नीट सुरू आहे." मला वाईट वाटायचं. पण माणूस आजारी आहे, बोलवत नसेल, अशी मी माझी समजूत घालून घेतली. खरं सांगायचं तर दुसरं काही मनात येऊ द्यायचंच नव्हतं.

त्याच सुमाराला इथल्या मैत्रिणींनी माझं डोहाळजेवण ठरवलं होतं. एका काकूंच्या घरी झोपाळा फुलांनी सजवायचा होता, हिरवी साडी निवडून झाली होती. आदल्या दिवशी संध्याकाळी नवरा घरी आला आणि म्हणाला, "मी कॅन्सल केलं. डॉक्टरांशी बोललो, ते म्हणाले एवढी एक्साइटमेंट नको." मी भडकले. झोपाळ्यावर बसायला कसली एक्साइटमेंट? डॉक्टरांना झोपाळा म्हणजे काय हे तरी कळलं का? मी त्याला नाही नाही ते बोलले. तो एरवी एकाला दोन उत्तरं देणारा, त्या दिवशी नुसता ऐकत उभा राहिला. त्या संध्याकाळी आणि पुढचे एक-दोन दिवस त्याने देवापुढे दिवाही लावला नाही. वाती संपल्यात म्हणाला. माझा राग एवढा होता की मी त्याच्याशी धड बोलतही नव्हते, वाती कुठून बघणार!

ऑगस्टात आमच्याकडे पारा एकशे दोनवर गेला. मला कोण आनंद! आईला म्हटलं, "बाबांना सांग, एकशे दोन. सेल्सियसमध्ये एकोणचाळीस. आणि तुमच्याकडे काय चाललंय? सव्वीस आणि चिखल. यंदा मी जिंकले." आई म्हणाली, "हो गं, सांगते हं." पुढच्या रविवारी मी विचारलं, सांगितलंस का, काय म्हणाले? ती म्हणाली, "हसले." एवढंच. मग तिने बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांचं काढलं, ते पार्सलने पाठवायचे की कोणाबरोबर, त्यात वेळ गेला.

पत्रं संपत आली होती. संग्रहालयाला देण्याआधी मावशींना एक गोष्ट नक्की करून हवी होती. त्यांच्या घरच्या बायबलच्या पहिल्या पानांवर पिढ्यान् पिढ्यांचे जन्म-मृत्यू लिहिलेले होते. त्यात छोटीच्या नावापुढे मृत्यूची तारीख होती, ती मक्याच्या हंगामातली. पण पत्रं तर सांगत होती की त्या हंगामानंतर, थंडीत आणि थेट पुढच्या वसंतातही छोटी बरी आहे. मावशींच्या वडिलांनी त्या तारखेपुढे पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. घरात सगळ्यांचं मत असं की बायबलमध्ये लिहिताना पणजीच्या हातून वर्ष चुकलं. "तारीख सुधारून द्यावी म्हणते," मावशी म्हणाल्या. "तू सगळी पत्रं वाचली आहेस. तुला काय वाटतं?"

मी लॅपटॉपवर पुन्हा पहिल्यापासून छोटीची वाक्यं काढली. मक्याच्या हंगामापर्यंत वासराचा कान, बटण, कुत्रा, उपदेशक. त्यानंतरच्या प्रत्येक पत्रात एकच वाक्य. छोटी बरी आहे, तुम्हाला गोड मुका पाठवते. पुढच्या पत्रात तेच, त्याच्या पुढच्यातही तेच. ना दात, ना शब्द, ना खोडी.

"तारीख बरोबर आहे," मी म्हटलं. "मुलगी गेली होती. हिने कळवलं नाही."

मावशी सरळ झाल्या. "कुठली आई असं करेल?"

"आमच्याकडची कुठलीही," मी म्हटलं, आणि चक्क हसले. मग त्यांना समजावून सांगितलं. आमच्याकडे मेलेल्याची बातमी एकदम देत नाहीत. तार आली की त्यात 'सीरियस' लिहिलेलं असतं, माणूस तेव्हा गेलेला असतो. लांब असलेल्याला धक्का बसू नये, त्याने उपाशीतापाशी प्रवास करू नये, म्हणून. माझ्या एका मावसबहिणीला तर सासू गेल्याचं दोन महिन्यांनी सांगितलं, कारण तिला दिवस होते. मी हे सगळं अगदी जाणकार असल्यासारखं सांगत होते. शिवाय पणजीकडे कारणही होतं. नवऱ्यानेच एका पत्रात लिहिलं होतं की एका शिपायाला घरून आई आजारी असल्याचं कळलं, तो छावणीतून पळाला, पकडला गेला आणि सगळ्यांसमोर त्याला चाबकाने फोडलं. ते पत्र हिच्या हातात पडलेलं होतं. मुलगी गेल्याचं कळलं असतं तर हाही रातोरात निघाला असता.

मावशींनी चाचपून पेटी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाल्या, "त्याची पत्रं वाच. त्या हंगामानंतरची."

मी वाचली. छोटीबद्दल तो एकदा जोरात चिडवतो, अजून उपदेशकालाच पापा म्हणते का, तसं असेल तर मी इथून माझी दाढीच पाठवतो कापून. त्याला पणजीचं उत्तर, छोटी बरी आहे, गोड मुका पाठवते. त्यानंतर त्याचे प्रश्न बंद. उंची नाही, केस नाहीत. फक्त शेवटी, छोटीला माझा मुका दे.

"त्याला कळलं होतं," मावशी म्हणाल्या. "आमच्या घरात त्याला सगळे कठोर म्हणत आले. पोरीची चौकशीसुद्धा करत नाही म्हणत. त्याला कळलं होतं आणि ते त्याने तिला कळू दिलं नाही." त्यांनी रुमाल शोधला. "पण कळलं कसं असेल त्याला?"

"सोपं आहे," मी म्हटलं. "त्याने एवढं चिडवलं आणि त्यावर तिकडून काहीच..."

माझं वाक्य तिथेच राहिलं. नागपूरच्या उन्हाला एखाद्याने हरवलं म्हटल्यावर माझे बाबा नुसते हसणार नाहीत. घसा बंद असला तरी पाटीवर लिहून आईकडून निरोप पाठवतील. पावसाळ्यात जिंकलीस त्यात काय मोठं, मे महिन्यात ये मैदानात, म्हणतील. मरता मरता म्हणतील. ते बोलले नाहीत याचा अर्थ एकच होता आणि तो मला समोर लख्ख दिसत होता. डोहाळजेवण का मोडलं, दिवा का लागला नाही, मी एवढी बोलले तरी नवरा का ऐकत राहिला, सगळं एकामागून एक कळत गेलं. लग्न झालेल्या मुलीला आईवडिलांचं सुतक तीन दिवसांचं असतं. ते त्यांनी माझ्याकडून मला न सांगता पाळून घेतलं होतं.

"काय झालं, हनी? बाळ?" मावशींनी हात पुढे केला, तो माझ्या खांद्याऐवजी खुर्चीला लागला. मी म्हटलं, "माझे वडील गेलेत." त्यांनी विचारलं, "कधी?" मी म्हटलं, "मला माहीत नाही," आणि रस्ता ओलांडून घरी आले.

अशी बातमी कळली की डोक्यावरून अंघोळ करायची असते. मला ती कोणी दिलीच नव्हती, तरी मी नळाखाली बसले आणि केसांवरून पाणी घेतलं. रडू आलं नाही. राग आला, अंगाची आग होईल असा. आईचा राग, भावाचा राग, आणि रोज माझ्याशेजारी झोपून हे पोटात ठेवणाऱ्या नवऱ्याचा सगळ्यांत जास्त. माझे बाबा होते ते. ते गेले तेव्हा मी काय करत होते? टीव्ही बघत होते? हिरवी साडी निवडत होते? मला त्यांच्यासाठी एक दिवससुद्धा रडू दिलं नाही कोणी. बाळासाठी केलं म्हणतील. माझ्या बाळाचं मी बघितलं असतं. ओल्या केसांनी मी पलंगावर बसले, फोनकार्डावरचा लांबलचक नंबर दाबला आणि काय काय बोलायचं ते घोकत राहिले.

आईने उचलला. "अगं, आज कसा फोन? रविवार नाही ना आज? बरी आहेस ना? बाळ हलतंय ना?"

"हलतंय."

"जेवलीस?"

पलीकडे घर अगदी शांत होतं. रात्री साडेआठच्या सुमाराला आमच्या घरात बातम्या लागलेल्या असायच्या, बाबांना कमी ऐकू यायचं म्हणून मोठ्या आवाजात. आज घरात कसलाच आवाज नव्हता.

"बाबा कुठे आहेत?" मी विचारलं. आवाज चढलेला होता, माझा मलाच ऐकू आला.

आई हलकेच, शेजारच्या खोलीत खरंच कोणी निजलेलं असावं तशा आवाजात म्हणाली, "झोपलेत गं. आत्ताच डोळा लागलाय." तो आवाज ऐकला आणि मला ती दिसली, त्या खोलीत एकटी, रिकाम्या खाटेकडे पाठ करून बसलेली. दर रविवारी माझा फोन यायच्या आधी घसा साफ करून बसत असेल. नवरा गेलेली बाई ती, आणि पोटच्या पोरीशी बोलताना तिला लाडवांबद्दल बोलावं लागत होतं. पाठ केलेलं सगळं माझ्या तोंडातच राहिलं.

"उठवू का?" आईने विचारलं.

"नको," मी म्हटलं. "झोपू दे त्यांना, आई. उठवू नकोस."

मग आई रडायला लागली, आधी तोंडावर पदर दाबून, मग मोठ्याने, आणि मी फोन कानाशी धरून तिचं रडणं ऐकत बसले.